पहिल्याच कपात चमचा

सोमवार, १८ ऑगस्ट

कचेरीच्या खिडकीत ठेवलेला माझा डबा आज पुन्हा समुद्रपक्ष्याने उघडला. पाव नेला, काकडी ठेवली. दाद कुणाकडे मागावी? परक्याच्या शेतात गाय शिरली तर तिच्या मालकाला दंड, असं स्मृतिकार सांगतात. बेवारशी पक्ष्याबद्दल मौन पाळतात! चहापेढीच्या मालकीणबाई गेस्के म्हणाल्या, तुमच्यापेक्षा तो आवडीने खातो, गुरुजी.

गुरुवारी आसामच्या चहाबागेतून फुकन येतोय, नव्या खुडणीच्या चहाचे नमुने घेऊन. गेस्केबाईंचा भाऊ एन्नो चाखणार आणि एक निवडणार. वर्षभराचं मिश्रण त्यावर — म्हणजे या लेअर गावातली त्यांच्या पेढीची इभ्रत आणि आम्हा सगळ्यांची भाकरी. मी आपला परदेशची पत्रं लिहिणारा. जर्मनीत संस्कृत शिकवायला आलो होतो. विद्यार्थी संपले, चहा संपला नाही.

मंगळवार, १९ ऑगस्ट

एन्नो आज दोनदा विनाकारण ओरडला. तो ओरडणारा माणूस नव्हे. मी उगाच नदीच्या धक्क्यावर येरझाऱ्या घातल्या.

गुरुवार, २१ ऑगस्ट

घात झाला.

चाखणीआधी बसून चहा घ्यायचा, ही इथली रीत. तळाशी खडीसाखर, वर साय, ढवळायचं नाही. पाहुण्याने तीन कप घ्यायचेच. पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा. फुकनने पहिला कप संपवला आणि टापटिपीने चमचा कपात ठेवून दिला! गेस्केबाईंनी किटली उचलून आत नेली. एन्नोचे कान लाल. जिन्यात मला म्हणाला, "स्वतःच्याच बागेचा चहा याला दुसऱ्यांदा प्यावासा वाटत नाही. मग मी का घेऊ?" चाखणी रद्द. आणि फुकन हसतमुखाने मला विचारतोय, आवडला ना साहेबांना?

इतकी वर्षं इथे काढल्यावर हे कुणाला सांगावं लागतं, हेच मला सुचलं नाही.

संध्याकाळी गेस्केबाईंना उलगडून सांगितलं, फुकनला चमच्याची रीत ठाऊकच नव्हती. पोट धरून हसल्या. मग भावाला फैलावर घेतलं — "तू तिकडे गेला असतास तर डाव्या हाताने जेवला असतास, एन्नो! उद्या बोलाव त्याला."

शुक्रवार, २२ ऑगस्ट

फुकनने तिन्ही कप घेतले. नंतर चाखणी. वाट्यांची रांग, एन्नो घोट घेतो, थुंकतो, पुढे सरकतो. समोर मी, शोभेपुरता एकेक घोट घेत. तिसऱ्या वाटीपाशी माझी नजर फुकनकडे गेली. चमचा अजून मुठीत गच्च — धसकाच घेतलेला! मला हसू आलं.

एन्नो म्हणाला, "हाच. वर्षभर हाच."

फुकनचा चेहरा उतरला. जिन्यात मला गाठलं. "दादा, तो सुकवताना करपलेला आहे. बाकीच्यांशी तुलना करायला ठेवला होता. साहेब थट्टा करतायत का?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? होकाराचं पत्र मलाच लिहायचंय. दिवसभर कागद पुढे ओढला, मागे सारला. करपलेला माल बाजारात गेला तर पेढी बुडाली. आणि तो मला छान लागला होता!

शनिवार, २३ ऑगस्ट

एन्नोला एकट्याला गाठून सांगितलं. तो मला धक्क्याच्या टोकाला घेऊन गेला.

"हिवाळ्यातल्या त्या तापापासून मला चव नाही, गुरुजी. वासही नाही. तेव्हापासून तुमच्या चेहऱ्याकडे बघून ठरवतो. काल तुम्ही हसलात."

सोमवारी फेरचाखणी. गेस्केला कळू देऊ नका, म्हणाला. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर भीती वाटते — मला चहातलं काहीही कळत नाही.