पाहुणीने मोडलेला नान

४ मे १९५३, ताश्कंद
पोचले एकदाची! खोली जुन्या शहरात, अंगणात तुतीचं झाड, शेजारी म्हातारी रिसोलत, तिला सगळे खाला म्हणतात, म्हणजे मावशी. मोठे डॉक्टर म्हणाले, तुला लहानपणीच विषमज्वर होऊन गेलाय, तुला कसली भीती? घरोघर हिंड, तापाचे रोगी शोध, दारावर खडूने खूण कर. नवरा तापाने गेला तेव्हा सासूने मला पांढऱ्या पायाची ठरवलं आणि तान्ही अनोरा ठेवून घेतली. आता पक्की नोकरी आहे. जूनमध्ये माझी पोर माझ्याकडे येणार!

११ मे
इथे आजाऱ्याची चौकशी करायची तर आधी दस्तरखानावर, जमिनीवर अंथरलेल्या जेवणाच्या चादरीशी, बसायचं. नान पाहुणीनेच मोडायचा, सगळ्यांना वाटायचा. नको म्हटलं की घरदार रुसतं. खाला तर दोन्ही नातवंडांना पुढे ढकलते, म्हणते, डॉक्टरीणबाईच्या हातचा तुकडा खा रे, बरकत येईल. गल्लीतली एकटी मुबोरक तेवढी खडूस. फाटकातच अडवते, म्हणते, काय विचारायचं ते तिथूनच विचार, बये, माझा नान मी मोडीन.

२५ मे
इस्पितळात खाटा उरल्या नाहीत. पाणी तपासलं, दूध तपासलं, सगळं स्वच्छ. खालाची नातवंडं तापाने फणफणलीत. मोठे डॉक्टर खेकसले, मग आणखी घरं फीर! फिरतेय.

३ जून
नातवंडं गेली. दोन्ही. मुबोरक खालाच्या कानाशी लागलेली दिसली. खाला रडत नाही, नुसती माझ्या हातांकडे बघते.
मुबोरकचं घर माणसांनी भरलेलं, पण साधी शिंक नाही. डावीकडच्या घरात ताप, उजवीकडच्या घरात ताप. दोन्हीकडे मी जेवले होते.
उद्या माझीच तपासणी करून घेते.

८ जून
जंतू माझ्यात आहेत. लहानपणापासून. नवऱ्यालाही मीच — सासू चुकली, पाय नव्हे, हात.
धावत घरी आले. अनोरा आजच येऊन पोचली होती! खालाच्या मांडीवर बसून खात होती. खाला गोड हसली. म्हणाली, तू सकाळी मोडून ठेवलेला नान आणला गं तुझ्या फळीवरून. पोरीला आईच्या हातचं नको का?
तिला ठाऊक होतं. माझ्याआधी.

२० जून
अनोरा तापलीय. इस्पितळाची गाडी येत नाही. शेजाऱ्यांनी दाराला बाहेरून फळ्या ठोकल्यात — दारावर खडूची खूण, माझ्याच खडूने —
भिंतीपलीकडून खाला विचारते, बरकत आली का गं?

२१ जून
पाणी पाजायचं, पण भांडं — हात धुतले, पुन्हा धुतले, सोलले तरी —
अनोरा म्हणते, आई, कपाळावर हात ठेव ना. मी हात पाठीमागे — ती रडतेय. आई, हात —