सासऱ्यांची घुंगरं

३ ऑगस्ट
आज पुन्हा! सकाळी सहाला सासूबाईंच्या झोपडीत खुळखुळ — दोन-तीनदा, मग चिडीचूप. सासूबाई म्हणतात, "तुझे सासरेच ते. नाचताना पायात बांधायचे, तीच घुंगरं." सासऱ्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. घुंगरं त्यांच्यासोबतच अंगणात पुरलीत. अंगावर काटा आला.

५ ऑगस्ट
मुद्दाम थडग्यापाशी उभी राहिले. सरोवराकडून धुकं आलेलं. सहा वाजले — खुळखुळ, पण झोपडीतूनच! धावत झोपडीत शिरले. सासूबाई भिंतीला कान लावून बसलेल्या. माझी लेक अकेयो गोधडीत. वसतिशाळेला सुट्टी लागून गेल्या आठवड्यात आली. आमच्यात नाती आजीकडेच निजतात. विचारलं, "ऐकलंस?" म्हणाली, "नाही गं आई. काय?"
तिला ऐकूच आलं नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

६ ऑगस्ट
सासूबाईंनी अर्थ लावला. "म्हाताऱ्याला नाव हवंय. घरात मूल येणार, त्याला माझं नाव ठेवा म्हणतोय." मी त्रेचाळीसची, नवरा वर्षभर नोकरीला दूर मोंबासाला! तरी कोंबडी कापली, रक्त थडग्यावर शिंपडलं. आणि मी म्हणे आरोग्यसेविका! कुणाला सांगायची सोय नाही.

७ ऑगस्ट
खुळखुळ. कोंबडी फुकट गेली.

९ ऑगस्ट
आंब्याखाली बायका-मुलींची सभा. एचआयव्हीचं सगळं सांगितलं — तपासून घ्या, गोळी रोज ठरल्या वेळेला घ्या, गोळी घेणारी बाई म्हातारी होईस्तोवर जगते. रोसा मासळीवाली मागे रेंगाळली. "गोळ्या घेते गं. पण बाटली वाजते. नवऱ्याला कळलं तर हाकलेल." म्हटलं, "आत कापूस कोंब. हूं की चूं नाही." पिशवीतला चिमूटभर दिलासुद्धा. अकेयो शेजारी पेले विसळत होती.
निघताना एकीनं डिवचलं, "तुझ्या पोरीला झाला तर गं?" मी फाडकन म्हणाले, "तंगडं मोडीन! माझ्या घरात असलं चालायचं नाही." सगळ्या हसल्या. अकेयोपण हसली.

१० ऑगस्ट
सहा वाजून गेले. काही नाही.

११ ऑगस्ट
आजही नाही. सासूबाई खूश — "पावला बाई म्हातारा!" मला मात्र ही शांतता खायला उठते. का, ते कळत नाही.

१२ ऑगस्ट
शेजारच्या पोराचा गुडघा बांधायला पिशवी उघडली. कापसाची गुंडाळी अर्धी झालेली. रोसाला तर चिमूटभरच दिला होता.
गुंडाळीकडेच बघत राहिले. पोरगं म्हणालं, "काकू, रक्त येतंय."

१३ ऑगस्ट
सहाला पाण्याचा पेला घेऊन झोपडीच्या दारात गेले. अकेयोनं हात पाठीमागे लपवला. म्हटलं, "तंगडं मोडीन म्हणाले ना — जीभ झडो माझी. कापूस काढ, बाळा. वाजू दे या घरात."
वाजली बाटली. सासूबाई अंथरुणातूनच ओरडल्या, "आला गं म्हातारा!"
अकेयोनं गोळी घेतली. पेला मी धरला होता.