वाढ आणि घट

सातारा,
सोमवार, १८ ऑगस्ट २०२५

प्रिय अपेक्षा,

पाचगणीच्या धुक्यात शाळेच्या कचेरीतले कागदसुद्धा ओलसर झाले असतील; सर्दी सांभाळ. आमच्याकडे सर्वांची प्रकृती बरी आहे. कुपवाडचे गोदाम गेल्या आठवड्यात रिकामे झाले. पूजासाहित्याची आमची ऑनलाइन विक्री आता कायमची बंद. बयाबाईंनी, म्हणजे तुझ्या आईने, तीन वर्षे तिथली पार्सलांची बांधणी पाहिली, म्हणून हे तुला आधी कळवतो.

एक कोडे तुझ्याही लक्षात आले असेल. मोबाइलवर एखादी वस्तू ‘उपलब्ध’ दिसते. आपण ती मागवतो. दोन दिवसांनी निरोप येतो की वस्तू शिल्लक नाही, मागणी रद्द. मग नसलेली वस्तू दिसली कशी? शिकवण्याची माझी जुनी खोड तुला ठाऊक आहे. सावकाश सांगतो, कंटाळू नकोस.

ग्राहकाला गोदामातली फळी दिसत नाही. त्याला फळीविषयी कोणीतरी लिहिलेला आकडा दिसतो. आमची दिवसाला वीस पार्सले होती तेव्हा आकड्याची गरजच नव्हती. बयाबाई दारातून नजर टाकत आणि सांगत, “सायब, अष्टगंध बारा हायती, कापूर मागवा.” मोजले की बाराच निघत. पार्सले चारशेवर गेली, पाच संकेतस्थळांवर एकाच वेळी विक्री सुरू झाली. नजर पुरेना. फळी आणि आकडा यांच्यात एका दिवसाचे अंतर पडले तरी शंभर घरी खोटे आश्वासन जाते. धंदा वाढतो तसे हे अंतर वाढते, आणि बाहेरून सारे झकास दिसत राहते.

यावर मी उपाय काढला. तुला आठवत असेल, किती उत्साहाने दाखवला होता! गोदामात एक टॅब ठेवला आणि त्यावरचा इंग्रजी मजकूर काढून सगळे मराठीत केले. दोनच मोठी बटणे. हिरवे ‘वाढ’, लाल ‘घट’. रोज सायंकाळी फळी पाहून बटण दाबायचे. ‘वाढ’ दाबले की त्या वस्तूची मागवलेली पुढची खेप आकड्यात आपोआप जमा होई. बयाबाई त्याला पाटी म्हणत. “तुमची पाटी लय हुशार हाय सायब, पर तिला हळदीचा वास कुठं येतुया?” सगळे हसले होते. मीही.

दीड वर्ष पद्धत बिनचूक चालली. मग जानेवारीत, संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या ऐन हंगामात, पडद्यावर कुंकवाच्या दोनशे चाळीस डब्या दिसत होत्या आणि फळीवर एकही नव्हती. एकशे नव्वद मागण्या घेऊन झाल्या होत्या. त्या रद्द कराव्या लागल्या. एवढ्या मागण्या एकदम रद्द झाल्या की विक्रेत्यावरचा विश्वास उडतो. सर्वांत मोठ्या संकेतस्थळाने आमचे खाते गोठवले. तिथून गोदाम रिकामे होईपर्यंतचा उतार सरळ होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढच्या गोष्टीची आहे, आणि ती माझ्याविरुद्ध आहे.

नोंद पाहिली. ४ जानेवारी, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे, कुंकू, ‘वाढ’. नोंदीपुढे बयाबाईंचे नाव. मी गोदामातल्या अकराही जणांसमोर विचारले, “बटण तुम्ही दाबलेत?”

“व्हय. कुंकू वाढलं, म्हनून दाबलं की.”

“मग वाढलेले कुंकू गेले कुठे?”

“आवं सायब, वाढलं म्हंजी… वाढलं!” कोणीतरी मागून म्हणाले, “घ्या, कबूलच केलं की.” दोनशे चाळीस डब्यांची चोरी त्या एका शब्दाने सिद्ध झाली. व्यापाऱ्याने ती खेप पाठवलीच नव्हती, हे एका फोनवर कळले असते. तो फोन मी केला नाही. पडद्यावर वेळेसकट नोंद होती ना!

जूनमध्ये माझी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “देवा, कुंकू वाढलंय रे, येताना आण.” चप्पल पायात घालता घालता मी उंबऱ्यातच थांबलो. हळद संपते, कापूर संपतो. कुंकू मात्र सवाष्णीच्या तोंडी कधी संपत नाही. बांगडी जशी फुटत नाही, ‘वाढते’, तसे तेही ‘वाढते’. दीड वर्षात फळीवरचे कुंकू त्या एकाच दिवशी पूर्ण संपले होते. बयाबाईंनी अगदी खरे ते बटण दाबले होते. शब्द मीच निवडला होता, मराठीत, त्यांच्या सोयीसाठी.

त्याच आठवड्यात मी औंधला तुमच्या घरी गेलो होतो. तू नव्हतीस. बयाबाईंनी चहा दिला. मी हेच सारे समजावले, दोनदा. त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या सायब, उगं समजूत घालू नगासा. माजंच मोजनं चुकलं आसंल. आता मी भाकरी बी मोजत न्हाई.” तुझे वडील, ज्ञानूकाका, दाराकडे पाहत बसले होते. मी आणखी समजावू लागलो, तशा त्या कपबशी घेऊन आत गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. माझ्याजवळ समजावण्याखेरीज दुसरे काही नाही, आणि त्यांना आता कोणाचेच समजावणे नको आहे. ज्या अकरा जणांपुढे हे घडले ते पांगले. चूक सुधारायला ती माणसे एका जागी पुन्हा मिळणार नाहीत.

एक गोष्ट त्यांनी तुला सांगितली नसावी. गोदामात त्यांनीच लावलेली यमाईची तसबीर होती. जानेवारीत त्या दिवशी तिच्यावर हात ठेवायला त्यांना मी सांगितले. त्यांनी ठेवला, शपथ घेतली, आणि तरीही मी त्यांना कामावरून काढले.

क्षमा मागत नाही. एक साधी चाचणी मात्र तू करून पाहा. रविवारी घरी जाशील तेव्हा आईचा कुंकवाचा करंडा हळूच रिकामा कर, तिच्यापुढे धर आणि विचार, “आई, हे काय झालं गं?” ती ‘वाढलं’ म्हणाली, तर मला एका ओळीत कळव.

‘संपलं’ म्हणाली, तर लिहू नकोस. तुझे पत्र आले नाही की मला समजेल, तो शब्दही मी तिच्या तोंडून हिरावून घेतला.

तुमच्या घरचा अपराधी,
देवदत्त