आंबोली, सायकलनं

३ डिसेंबर १९७८, रविवार
निर्णय झाला. नाताळच्या सुट्टीला जोडून रजा टाकायची आणि कोल्हापूर ते आंबोली सायकलनं जायचं. मार्ग: बिद्री, गारगोटी, आजरा, आंबोली. सगळा डोंगराळ मुलूख. आमच्या ऑफिसात असं अजून कोणी केलेलं नाही. डिस्पॅचचा हंबीरराव एकदा जोतिबाला चालत गेला होता, ते अजून ऐकवतो.
पद्मजाला सांगितलं. ती म्हणाली, आधी रंकाळ्याला एक फेरी मारून या. बायकांना लाँग टर्म प्लॅनिंग कळत नाही. उद्या पहाटेपासून सराव.

४ डिसेंबर, सोमवार
थंडी फार. थंडीत स्नायू आखडतात. उद्यापासून.

५ डिसेंबर
उद्यापासून.

९ डिसेंबर, शनिवार
सराव म्हणजे नुसते पाय हलवणं नव्हे. आठवडाभर नकाशाचा अभ्यास केला. रस्त्यात चढ आहेत असं सगळे म्हणतात. नकाशावर ते विशेष वाटत नाहीत.

१० डिसेंबर, रविवार
बाहुबली चौगुले आला होता. शाळेपासूनचा मित्र. महाद्वार रोडला कापडाचं दुकान, पोट दुकानाला शोभेल असं. म्हणाला, 'मी बी येतो.' मी त्याला स्पष्ट विचारलं, तुला झेपेल का? तो रोज घर ते दुकान सायकलनंच जातो, पण त्याला टूरिंग म्हणत नाहीत.
त्याचं काम आजऱ्याला आहे. तिथं त्याची थोरली बहीण रत्नाक्का. सहा वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नाची पत्रिका यानं तिला पोस्टानं धाडली, स्वतः गेला नाही. ती लग्नाला आली नाही. तेव्हापासून बोलणं बंद. मी म्हटलं, मग एस्टीनं जा की. तर म्हणतो, 'एस्टीनं गेलो तर म्हणंल, सोईनं आलास. सायकलनं घाम गाळत गेलो तर पानी तरी विचारंल.'
त्याच्याकडे सायंटिफिक दृष्टी नाही. मी सांगून टाकलं, टीमचा लीडर मी, आजऱ्याला हॉल्ट दहा मिनिटं. तो काही बोलला नाही. सहमत असावा.

१७ डिसेंबर, रविवार
सामान जमवलं. स्टोव्ह, रॉकेलची बाटली, होकायंत्र, छत्री, दोन ब्लँकेट्स, फर्स्ट एड, घाटातल्या पक्ष्यांवरचं इंग्रजी पुस्तक. सासऱ्यांची विलायती सायकल पुसून घेतली. सामान लादल्यावर ती आपोआप मागं कलंडते. चढावर पुढचं चाक उचललं जाणं फायद्याचंच.
बाहुबलीच्या सामानात एक पिशवी. त्यात रत्नाक्कासाठी इचलकरंजीचं लुगडं. मी कपाळावर हात मारून घेतला.

२३ डिसेंबर, शनिवार. बिद्री
पहाटे निघायचं ठरलं होतं. कानटोपी सापडेना. ऊन वर आल्यावर निघालो. हंबीरराव मुद्दाम रस्त्यात उभा होता. 'सायब, टाटा!' असं ओरडला. हात करायला गेलो आणि तोल गेला. हे त्यानं मुद्दाम केलं.
कळंब्याच्या पुढंच पंक्चर. माझ्या किटमध्ये सगळं आहे, सोल्यूशनची ट्यूब मात्र वाळलेली निघाली. बाहुबलीनं त्याची काढली. मी त्याला चाक धरायला मदत केली.
चढ नकाशापेक्षा जास्त आहेत. सर्व्हेवाल्यांना कळवायला हवं. मी बऱ्याच ठिकाणी उतरून चाललो. सायकलवर बसून सृष्टी दिसत नाही. एक शेतकरी बांधावरून म्हणाला, 'पावणं, सायकल तुमास्नी न्हेत्या का तुमी सायकलीला?' दुर्लक्ष केलं.
बिद्रीच्या अलीकडं उसाच्या गाड्यांची रांग. कारखान्याला चाललेल्या एका ट्रॉलीची मागची साखळी धरली. ही जगभर मान्य असलेली पद्धत आहे. ट्रॉली थांबली, मी थांबलो नाही. गुडघा. उसाची पाचट अंगभर. ड्रायव्हर खाली उतरून मलाच म्हणाला, 'लायसन हाय काय तुमचं?'
पोचेपर्यंत अंधार. मुक्काम बाहुबलीच्या चिमणामावशींकडं. जैनांचं जेवण दिवस मावळायच्या आत आटोपतं, हे मला माहीत आहे, फक्त आठवलं नाही. मावशी म्हणाल्या, 'आमी आता जेवत न्हाय, पर तुमास्नी काय हरकत? भाकरी थापते की गरम.' आता पाहुण्यांमुळे चूल पेटवायची म्हणजे आपली काय किंमत राहिली? मी म्हणालो, मीही सूर्यास्तानंतर घेत नाही, तत्त्व आहे. मावशींना फार आनंद झाला. शेजारणीला बोलावून मला दाखवलं.
बाहुबली नुसता बघत होता. आता आडवा झालाय आणि स्वतःशी पुटपुटतो आहे. 'अक्का, चुकलं माजं. न्हाय, तसं नगं. अक्का, बरी हाईस न्हवं?' अशी वाक्यं. झोपू देत नाही. पोटात आग.

२४ डिसेंबर, रविवार. एका वस्तीवर, नाव विचारलं नाही
आजचा दिवस लीडरशिपच्या दृष्टीनं कठीण.
सकाळी मावशींनी चार भाकऱ्या वाढल्या, मी पाचवी मागून घेतली. गारगोटीपर्यंत ठीक. बाहुबली प्रत्येक चढावर माझ्यासाठी थांबतो. त्यामुळं मी मागं आहे असं उगीच दिसतं. गारगोटीच्या पुढं मी नकाशा उघडला. डांबरी रस्ता लांबून वळसा घेतो. डोंगरावरून एक तुटक रेघ थेट आजऱ्याच्या अंगाला जाते. सांगितलं, इथून.
बाहुबली म्हणाला, 'तिकडं वाट न्हाय मर्दा. आणि मला उजेडात आजऱ्यात पोचाय पायजे. रातच्याला दारात उभा ऱ्हायलो तर मुक्कामाला आला म्हणंल.' मी म्हटलं, निर्णय लीडरचा. त्यानं सायकल स्टँडला लावली. मग म्हणाला, 'त्र्यंबका, तू संगं असलास तर मला तिच्यापुढं बोलाय हुईल. तुज्यासमोर ती आरडायची न्हाय. येकट्याला न्हाय जमायचं मला.'
स्पोर्टमध्ये भावना आणायच्या नसतात. मी म्हटलं, तू रस्त्यानं ये, मी तुझ्या आधी पोचून वाट बघतो. मी मागं वळून पाहिलं नाही, पण सायकलची घंटी दोनदा वाजली.
तुटक रेघ म्हणजे ओढा निघाला. आता कोरडा आहे. सायकल उचलून घ्यावी लागली. मग सामान वेगळं, सायकल वेगळी, अशा दोन फेऱ्या. स्टोव्ह गडगडत खाली गेला, आणायला गेलो नाही. वर पोचल्यावर समोर आजरा नव्हतं. समोर आणखी एक डोंगर होता.
धनगरांच्या वस्तीवर केरबा नावाचे म्हातारे भेटले. आजऱ्याला ही वाट जाते ना, विचारलं. ते म्हणाले, 'जात्या की. पर शेरडं जात्यात.' ताक दिलं. गुडघ्यावर हळद बांधली. सायकलीकडं बघत विचारलं, 'हे कशाला आणलंसा हितं?'
मी आणखी ताक मागितलं. थकवा.

२५ डिसेंबर, सोमवार. आजरा
केरबांच्या पुतण्याच्या बैलगाडीतून सायकल गारगोटीला उतरवली. तिथून एस्टी, सायकल टपावर. कंडक्टर मला म्हणाला, 'सायकल हाय तर गाडीत कशाला बसतासा?' मोहिमेत एवढा एक टप्पा यांत्रिक झाला. आजऱ्याच्या अलीकडं गाडी थांबवून उतरलो आणि पुढचं सायकलनं गेलो. चेहऱ्याला पाणी लावलं, घामासारखं दिसावं म्हणून.
रत्नाक्कांचं घर सापडलं. दारात बाहुबलीची सायकल. आत तो पाटावर बसून जेवत होता, अंगावर नवा कोरा सदरा, भाऊजींचा असावा. रत्नाक्का वाढत होत्या. दोघांचे डोळे लाल.
झालं ते भाऊजी, म्हणजे रत्नाक्कांचे यजमान जिनपालराव, यांनी अंगणात सांगितलं. बाहुबली काल दुपार टळताना पोचला. पण घरात आला नाही. समोरच्या चिंचेखाली सायकल धरून उभा राहिला. ओळखीचे आत चला म्हणत होते. हा म्हणायचा, 'दोस्त यायलाय माजा मागनं. आला की दोगं मिळून जाऊ.' दिवस मावळला तरी तिथंच. शेवटी रत्नाक्का स्वतः रस्ता ओलांडून गेल्या.
मी विचारलं, मग? जिनपालराव म्हणाले, मी लांब होतो, ऐकू आलं नाही.
रत्नाक्कांनी मला आपादमस्तक पाहिलं. 'तुमीच व्हय त्ये दोस्त?' एवढंच. पण ताट भरून वाढलं. मी डोंगराचा, ओढ्याचा विषय काढला. कोणी काही विचारलं नाही.
उद्या आंबोली, असं मी जाहीर केलं. बाहुबली म्हणाला, 'आंबोली कशाला? मी हितंच येनार हुतो.' रागावला नव्हता. रागावला असता तर मला बोलता आलं असतं.

२६ डिसेंबर, मंगळवार
एकटाच निघालो. वारा समोरून. पहिल्या मोठ्या चढावर चेन तुटली. चहाच्या टपरीत बसलो. टपरीवाली विठाबाई म्हणाली, आंबोलीत आता बघायला काय न्हाय, पाऊस संपला की सगळं कोरडं. हे आधी कोणी सांगायला हवं होतं. वरून येणारी गाडी पकडली. कोल्हापूर.

२८ डिसेंबर, गुरुवार
ऑफिसात आंबोलीच्या धुक्याचं वर्णन केलं. हंबीररावानं विचारलं, डिसेंबरात धुकं? मी म्हटलं, पहाटे. विषय बदलला.
संध्याकाळी पद्मजाला सगळं सांगितलं. ओढा, हळद, चेन. तिनं एकच विचारलं, 'रत्नाक्का भावाला काय म्हणाल्या?' मला माहीत नाही म्हटलं. 'तुम्ही विचारलं नाहीत?' मी म्हटलं, ते त्यांचं खाजगी. ती म्हणाली, 'मग तुम्ही गेला होतात कशाला?' आणि भाजी निवडत बसली. हिला पहिल्यापासून मोहिमेत रस नव्हता.

३१ डिसेंबर, रविवार
बाहुबलीच्या दुकानावरून दोनदा गेलो. गिऱ्हाईक होतं. आत गेलो नाही. एकदा मला वाटलं त्यानं पाहिलं.
सायकलला नवी चेन बसवून घेतली. नव्या वर्षाचा संकल्प: सराव.

१४ जानेवारी १९७९, रविवार
सकाळीच बाहुबली दारात. मागं जिनपालराव. संक्रांतीला रत्नाक्का माहेरी आल्यात, सहा वर्षांनी. घरात पाय ठेवायला जागा नाही म्हणाला, सगळ्या शेजारणी बघायला येतायत. चेहरा इतका खुललेला की बघवत नव्हता.
तिळगूळ दिला. मी म्हणालो, त्या दिवशी मी... त्यानं हात हलवला. म्हणाला, 'सोड की. तू आला न्हाईस म्हणूनच ती भायेर आली. दोगं असतो तर आपुनच आत गेलो असतो. मग तिनं नुस्तं पानी दिलं असतं.' असं म्हणून हसला. यात माझं कौतुक होतं की काय, ते अजून नीट लागलेलं नाही.
मग काम सांगितलं. दोघं पन्हाळ्याला सायकलनं चाललेत. जिनपालरावांना सायकल हवी. 'तुजी उभीच असत्या न्हवं?'
मी म्हणालो, ब्रेक जरा खास आहे, वापरणाऱ्याला माहीत हवा. तेवढ्यात पद्मजानं किल्ली आणून जिनपालरावांच्या हातात दिली. मी म्हणालो, रविवारच आहे, मीही येऊ शकतो. बाहुबलीनं खाली बघितलं, वर बघितलं. शेवटी म्हणाला, 'तू मागनं एस्टीनं ये की.'
दोघं गेले. मी थोडा वेळ पेपर वाचला. पद्मजानं डबा भरून समोर ठेवला.
गेलो. खिडकीची जागा मिळाली. वाघबिळाच्या चढावर दोघं दिसले. उतरून चालत होते, सायकली ढकलत, आणि कशावर तरी मोठमोठ्यानं हसत होते. मी खिडकीतून हाक मारली. गाडी चढावर होती, इंजिनाचा आवाज फार. कंडक्टर म्हणाला, डोकं आत घ्या.