केसरबाईंचं स्टूल

सोमवार, २ फेब्रुवारी

आमची नात अबोली आज शाळेत जाईना! गेटवर पंधरा मिनिटं — हात काही सुटेना. शनिवारी ती बातमी आली ना. कुठली तरी लांबच्या राज्यातली शाळा, आत घुसलेला माणूस, चाकू. पेपरचं ते पान मी लगेच गादीखाली सारलं; पण दुसरीतल्या पोरांना पेपर कशाला लागतो? एकमेकांना सांगतातच.

शेवटी गेटवरच्या केसरबाई पुढे आल्या. इथल्या चिखली गावच्याच, जुन्या घरातल्या. "बाई, तुमी हितं बसा," म्हणून स्वतःचं स्टूल मला दिलं आणि बोट अबोलीला. गेली! मी शाळा सुटेपर्यंत बसून राहिले. कुणीतरी बसायला हवंच की.

घरी आल्यावर पाहिलं, पोरीची बोटं लाल झालेली. भीतीनेच.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

मुख्याध्यापिका रश्मी मॅडमनी स्टुलावरच गाठलं. "आजी, तुम्ही पेपरात होतात ना? पालकांसाठी सूचना लिहून द्या. चारपर्यंत." तीस वर्षं उपसंपादक होते — पावणेचारला दिली. 'पालकांनी घाबरून जाऊ नये. शाळा पूर्णपणे सुरक्षित आहे.'

साडेचारपर्यंत ग्रुपवर एकशे बारा मेसेज. 'घाबरू नये म्हणजे? झालंय काय?' 'लपवतायत काहीतरी!' एक बाबा तर शिफ्ट सोडून चाकणहून निघाले, मोशीत पोचल्यावर त्यांना परत फिरवलं.

तीस वर्षांत माझ्या एकाही मथळ्याने एवढी खळबळ उडवली नव्हती.

बुधवार, ४ फेब्रुवारी

अबोली केसरबाईंचं बोट धरून आत. मी स्टुलावर. संध्याकाळी मिनल — माझी लेक — म्हणाली, "आई, तू रोज बसणार आहेस का तिथे?" म्हटलं, तुझी पोरगी घाबरलीय, दिसत नाही का? अबोली तेव्हा पलंगावरून उड्या मारत होती. आतून घाबरलेली मुलं अशाच उड्या मारतात.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

शाळेच्या सुरक्षा समितीची बैठक. नऊ जण, त्यांत मीही. अध्यक्ष समाधानराव — एका मुलीचे बाबा, चाकणच्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर. शाळेला चुकून 'प्लांट' म्हणतात, मुलांना 'मॅनपॉवर'. ठरलं ते असं: विजेवर सरकणारं गेट, कार्ड लावलं की उघडेल. बुधवारपर्यंत बसणार. गुरुवारी रंगीत तालीम, कारण गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, सगळ्या बाबांना येता येईल. एकमताने मंजूर!

"आणि केसरबाई?" मी विचारलं.

"आजी, माणूस चुकतो. मशीन चुकत नाही." महिनाअखेर निरोप.

म्हटलं, मग अबोली कुणाचं बोट धरून आत जाणार?

"कार्ड आहे ना," म्हणाले.

सोमवार, ९ फेब्रुवारी

केसरबाईंना कळलंय. तरी माझ्यासाठी स्टूल पुसून ठेवलं होतं.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

अजून पोट दुखतंय हसून!

बेत असा — समाधानराव स्वतः 'अनोळखी इसम' होऊन घुसायला बघणार. घंटा झाली की मुलं वर्गात चिडीचूप, गेट बंद. साठेक बाबा रस्त्यापलीकडे मोबाइल रोखून उभे. दहाला घंटा झाली. गेट निघालं, अर्ध्यावर आलं, आणि थांबलं. लाईट गेली! दर गुरुवारी दुरुस्तीसाठी जातेच. इथे पोराबाळांनासुद्धा माहीत आहे. नऊ जणांच्या समितीत एकालाही आठवलं नाही. मलासुद्धा!

केसरबाई माझ्याजवळ आल्या. "उठा बाई." माझ्याखालचं स्टूल घेतलं, गेटच्या फटीत मांडलं आणि बसल्या. ऐसपैस.

"केसरबाई, मी आहे — समाधान."

"वळखते की. पर आज तुमी अनोळखी हाय न्हवं? मग ऱ्हावा भाईर."

"अहो, ही तालीम आहे!"

"व्हय, मग नीट करू."

त्यांनी कार्ड दाखवलं. केसरबाईंनी ते लांब धरून पाहिलं. "ह्या फोटूत दाढी हाय. तुमास्नी न्हाई."

वीस मिनिटं उन्हात उभा केला माणूस! चिडीचूप बसायची ती पोरं खिडक्यांतून ओरडत होती, "केसरआजी, सोडू नका!" सगळ्यात मोठा आवाज अबोलीचा.

लाईट आली तेव्हा घाम पुसत समाधानरावच म्हणाले, "मॅडम, ह्यांना काढू नका." मनाने चांगला आहे गडी.

मॅडमना पुन्हा सूचना हवी होती. चारपर्यंत. दहा मिनिटांत दिली — 'गेटवर केसरबाई आहेत.' बस्स. ग्रुपवर एकही प्रश्न नाही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

सकाळी स्टूल मागितलं. केसरबाईंनी दिलं नाही. "ऱ्हाऊ द्या आता, बाई. पोरगी पहिल्याच दिशी माझ्या कानात म्हनली, आजी हात सोडत न्हाई, लई घाबरलीया, तिला बसायला कायतरी द्या."

घरी येऊन गादीखालचं पान काढलं, रद्दीत टाकलं.

सोमवारपासून गेटवर बसायचं नाही. बरं, बुधवारपासून बंद.