शिवणकामवाल्या बाईंची खिडकी

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकतात, उरलेल्या तिन्हींचा नमस्कार मनातल्या मनात झाला असं समजावं.) तुमचा खोकला गेला का? मामी कशी आहे? इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून.

आता कमरेचं सांगतो. आमच्या दुकानातून नव्या सरकत्या खिडक्यांची मापं घ्यायला मी घरोघर जातो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मध्यंतरी मालकांनी हातात एक कॅमेरा दिला आणि जुन्या खिडकीचा आधी, नव्या खिडकीचा नंतर, असे फोटो काढायला सांगितलं. नंतरचे सगळे सारखेच येतात. आधीच्या फोटोंनी मात्र मला नादाला लावलं. पोपडे आलेला रंग, गंजलेली बिजागरी, कुणीतरी तारेनं बांधलेली कडी. सुट्टीच्या दिवशीही मी लोकांच्या दारांसमोर उभा राहू लागलो. पहिल्या तेवीस फोटोंत दारापेक्षा माझी सावलीच जास्त आली. (एकात नुसता अंगठा आहे. तो बरा आलाय.) एकदा झिजलेला उंबरा नीट यावा म्हणून रस्त्यावर पालथा पडलो, तेवढ्यात दार उघडलं आणि तोंडात ब्रश धरलेले एक गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, दाराचा फोटो काढतोय. ते आत गेले, शर्ट घालून आले, बायकोला आणि सासूबाईंना बोलावलं आणि तिघंही दारात ओळीनं उभे राहिले. फोटो छान आलाय, दार अजिबात दिसत नाही. उठताना कंबर लचकली ती तिथेच.

खरी भानगड पुढे झाली. एका शिवणकामवाल्या बाईंनी स्वयंपाकघराची खिडकी बदलायला आम्हाला बोलावलं. वरून हिरवा रंग, त्याखाली निळा, आणि खालच्या पट्टीवर रोज कोपर टेकून पडलेला खळगा. सकाळचं ऊन तिरपं येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझा फोटो जमला. मी तो बाईंना दाखवला.

"कुणाकडची हो ही?" त्यांनी विचारलं.

"तुमचीच."

बाई चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या. "पस्तीस वर्षं हिच्यातून बाहेर बघतेय," त्या म्हणाल्या. "हिच्याकडे कधी बघितलंच नाही." मग म्हणाल्या, "काढू नका. पण नीट लागत नाही ती. दुरुस्त होईल?"

मी होईल म्हणून बसलो. (का, ते मला विचारू नका. मला साधा खिळा सरळ ठोकता येत नाही.) त्या आठवड्यात आणखी दोन गिऱ्हाइकांनी आपापले फोटो बघून नव्या खिडक्या रद्द केल्या. मालकांनी कपाळाला हात लावला. "तू खिडक्या विकायला जातोस की वाचवायला?" असं त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं. आता घरी बसावं लागणार, असं धरून मी डबा आवरला. पण माणूस मनाचा बरा. संध्याकाळी बाईंच्या खिडकीचा फोटो ते स्वतःच दुकानाच्या काचेवर चिकटवत होते. म्हणाले, महिनाभर दुरुस्तीचं काम करून बघू. बाईंची खिडकी नीट लागली तर दुरुस्ती तुझ्याकडे, नाहीतर मुकाट्यानं टेप धरायची.

मामा, मला वाटतं हे जमेल. तब्येतीला जपा.

तुमचा भाचा

ता. क. आमच्याकडे एक जुना जाणकार सुतार आहे, असं मी मालकांना आणि बाईंना सांगून ठेवलंय. तो तुम्ही. गुरुवारच्या गाडीचं तिकीट सोबत जोडलंय.

ता. क. दुसरा. मामीला आधीच विचारलंय. दोन वर्षांत तुम्ही रंध्याला हात लावला नाही आणि दिवसभर खुर्चीतून हलत नाही, असं ती म्हणाली. तुम्ही नाहीच म्हणाल, असंही म्हणाली.

ता. क. तिसरा. म्हणून खिडकीचा फोटो पाकिटात घातलाय. चौकटीचं लाकूड सागाचं आहे असं आमचे मालक छातीठोकपणे सांगतात. मला तसं वाटत नाही. तुम्ही बघा.