कामदाराचा भाग

अमरावती,
११ ऑक्टोबर १९६४

ती. ताईस,

देवमनचा जयभीम. मी इकडे खुशाल आहे. तिकडे तू आणि तुझी शाळा दोघीही खुशाल असाल असं धरून चालतो. सहामाहीच्या पेपरांनी तुझं डोकं फिरलं असेल, तरी हे पत्र घाईत वाचू नकोस. काल तुझा भाऊ मोठा माणूस झाला आणि ऑफिसात हे कुणाला सांगायची सोय नाही.

आमच्या नाट्यमंडळाचं तुला ठाऊक आहे. महिन्यातल्या एका शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये नाटकाचा एक भाग, मग लोकांनी महिनाभर वाट पाहायची. पाटील, पाटलीणबाई, त्यांचा वकील झालेला मुलगा, सगळी कथा या तिघांची. मी गावकीचा कामदार. घुंगरांची काठी आपटायची, 'जोहार मायबाप' म्हणायचं, निरोप सांगायचा आणि विंगेत जायचं. पाच भाग एवढंच केलं. तू मला 'काठीवाला नट' म्हणालीस ते मी विसरलेलो नाही.

या वेळी आमचे लेखक मोरोपंत वकील म्हणाले, एक भाग गडीमाणसांना देऊन पाहू. त्यांनी पाटलीणबाईंना आणि मुलाला लग्नासाठी चांदूर रेल्वेला धाडून दिलं. पाटील आजारी, आतल्या खोलीत. स्टेजवर ते येतच नाहीत, नुसता आवाज येतो. बाहेर पाणी भरणारी बाई, न्हावी आणि मधोमध मी. मोरोपंतांना कामदाराबद्दल काय लिहावं ते सुचेना, तेव्हा मी त्यांना आपल्या बाबांचं सांगितलं. दीक्षा घेऊन नागपूरहून आले आणि पाटलाच्या ओट्यावर काठी ठेवून परत फिरले, ते. मोरोपंतांनी तेच शेवटच्या प्रवेशात घातलं. पाटील आतून हाक मारतो, "कामदाऽर!" मी भाकर खात बसलेला. ऐकतो, पण उठत नाही. तीन हाका, तिन्ही वेळा गप्प. मग भाकर संपवायची, हात धुवायचे, काठी पाटलाच्या उंबऱ्यावर ठेवायची आणि चालू पडायचं. पडदा.

पण झालं भलतंच. दुसऱ्या हाकेला हॉल असा चिडीचूप होता की माझं चावणं मला ऐकू येत होतं. तेवढ्यात मागून कुणी म्हातारा उभा राहिला आणि ओरडला, "जी मायबाप, आलो जी!" लोक माना वळवून पाहायला लागले. अशा वेळी नट गडबडला की संपला. मी तोंडातला घास न गिळता म्हटलं, "बस ना बे बुढ्या, आज पाळी माही हाय." ताई, हॉल कोसळला. लोक हसता हसता खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. तिसरी हाक कुणाला ऐकूच गेली नाही, शेवटी तसाच पडदा पाडला. मोरोपंतांनी मला मिठी मारली. नोव्हेंबरात अकोल्याला, तुझ्या जठारपेठेजवळच, हाच भाग आहे. तेव्हा आपलाच एक माणूस लोकांत बसवायचा आणि हे असंच करायचं, असं ठरलं आहे.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. बाबांना शेजारच्या डोमाजीकडून निरोप धाडला होता की या, या वेळचा भाग तुमचा आहे. आले नाहीत. तूही नाहीस. माझ्या घरच्यांसाठी पहिल्या रांगेत जागा राखून ठेवली होती, तिथे न्हाव्याचं काम करणाऱ्याची सासू बसली. बाबांना नाटकाचा राग असेल तर तसं सांगावं. गप्प बसून माणसाला कशाला खातात?

तुझा,
देवमन


भातकुली,
२४ ऑक्टोबर १९६४

चि. देवमन,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र अकोल्याहून फिरत फिरत इथे आलं. मी शाळेतून रजा घेऊन घरी, भातकुलीला आहे. कापूस फुटला आहे, वेचणी सुरू झाली. डोमाजींच्या म्हशीला रेडकू झालं आणि ते आल्यागेल्याला खरवस वाटत फिरतात. घराची मागची भिंत ओलीने सुटली होती, ती मी लिंपून घेतली. गावात बाकी ठीक आहे.

बाबांचं ठीक नाही. ते जेवत नाहीत. भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून दिला तर दोन घास घेतात आणि भिंतीकडे तोंड करून निजतात. अमरावतीचा डॉक्टर आणला होता. तो म्हणाला ताप नाही, खोकला नाही, पण नाडी फार उतरली आहे; म्हाताऱ्याने असंच चालवलं तर थंडी काढणार नाही. दरसाल दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणारा माणूस. यंदा डोमाजी बंडी जुंपून दारात आले तर म्हणाले, "तुमी जा. मले काय तोंड हाय तिथं जायाले?" तू यावंस एवढ्यासाठी हे पत्र आहे. पण तू आलास आणि काहीबाही बोलून बसलास तर त्यापेक्षा न आलेला बरा, म्हणून आधी सगळं लिहिते.

त्या शनिवारी आम्ही आलो होतो.

मी आदल्या दिवशीच अकोल्याहून इथे आले. बाबांनी पांढरं धोतर नीळ देऊन ठेवलं होतं. वस्तीत ज्याला त्याला सांगत होते, "आपला देवमन आज नाटकात मोठा हाय. भागच त्याचा हाय." डोमाजींच्या बंडीत बसून आम्ही निघालो. बैल रस्त्यात अडले, पोचेपर्यंत नाटक सुरू झालं होतं. पुढे राखलेल्या जागेचं आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि अंधारात पुढे जायचा बाबांना संकोच. ते आणि डोमाजी मागे बसले, मी बायकांच्या बाजूला. तू चांगलं काम करत होतास. मला तुझा अभिमान वाटला, हे तुला एरवी मी कधी सांगितलं नसतं.

मग ती हाक आली. पाटील डोळ्यांसमोर असता तर बाबा कदाचित बसून राहिले असते. तो तुमचा पाटील म्हणजे नगरपालिकेतला कारकून, खोट्या मिशांचा. पण नुसता आवाज आला, आतून, तसाच, तेवढाच दरडावणारा. पहिल्या हाकेला बाबांचा हात शेजारी चाचपडताना डोमाजींनी पाहिला. काठी शोधत होता तो हात. दुसऱ्या हाकेला ते उभे राहिले.

तुला बाबांचा आवाज ओळखू कसा आला नाही, असं मी आधी रागाने लिहिलं होतं. ते पान फाडून टाकलं. तो आवाज तू ऐकलेलाच नाहीस. तू लहानपणीच बोर्डिंगात गेलास, सुटीत आलास तरी बाबा तुला पाटलाच्या दारी कधी नेत नसत. घरात त्यांचा आवाज केवढा भरदार, तुला मारायला उठले की वस्ती जागी व्हायची. पाटलाच्या दारातला त्यांचा आवाज वेगळा होता. बारीक, वाकलेला. मी धान्य मागायला सोबत जायची म्हणून मला ठाऊक. आठ वर्षांनी मी तो ऐकला आणि पदर तोंडात धरला.

त्यानंतर तू जे बोललास ते बोललास. लोक हसले. माझ्या शेजारची बाई माझ्या खांद्यावर हात मारून हसत होती.

बाबा खाली बसले नाहीत. उभेच होते, तुझ्याकडे पाहत. डोमाजींनी हाताला धरून बाहेर काढलं. घरी आल्यावर कंदील लावला तेव्हा मला म्हणाले, "शकुन, मी सोडलं होतं ना वं ते?"

तुला ते दिवस अर्धेच ठाऊक आहेत. काठी ठेवली म्हणून गावाने पीठ दळून देणं बंद केलं, मजुरी बंद केली, आईला अमरावतीला न्यायला कुणी बंडी दिली नाही. आईची तिरडी उठली, तरीही बाबा पाटलाकडे गेले नाहीत. लोकांनी विचारलं तर म्हणायचे, "गेली ते गेली, पन वाकून नाही जगली." त्या एका शब्दावर हा माणूस आठ वर्षं उभा होता. आणि भर सभेत त्यांचंच अंग त्यांना विकून मोकळं झालं. तुझ्यावर त्यांचा राग नाही. असता तर बरं झालं असतं, रागावलेला माणूस जेवतो.

ते मला रोज एकच विचारतात. "त्याले दिसलं काय?" मी म्हणते, नाही, त्याला काही ठाऊक नाही. मग थोडं निजतात. माझ्याकडून त्यांनी वचन घेतलं आहे की तुला कळू द्यायचं नाही. ते मी आज मोडते आहे, कारण अकोल्यात तुम्ही कुणा म्हाताऱ्याला उठवणार आणि तू त्याला तेच म्हणणार, आणि त्या हॉलमध्ये आपली माणसंही असतील. हे मी होऊ देणार नाही.

तेव्हा दोन गोष्टी कर. त्या जागी माणूस बसवू नका. आणि बाबांना पत्र लिही, मी वाचून दाखवीन, मग ये. माफी मागू नकोस. पाया पडून रडू नकोस. तुला कळलं आहे हे त्यांना कळलं तर ते उरलेलं दूधही सोडतील. तू नट आहेस असं म्हणतोस ना, मग हे करून दाखव.

तुझी,
शकुन


अमरावती,
२८ ऑक्टोबर १९६४

ती. बाबांस,

देवमनचा साष्टांग जयभीम. ताईच्या पत्रावरून कळलं की तुमची प्रकृती थोडी नरम आहे. काळजी घ्यावी, दूध घेत जावं. मी रविवारी येतो. येताना संत्री आणीन, मृग बहाराची अजून आली नाहीत, पण बाजारात मिळतील ती.

तुम्ही नाटकाला आला नाहीत म्हणून मी रुसलो होतो. आता रुसवा नाही. बैल, रस्ता, वेचणीचे दिवस, मला समजायला हवं होतं. आला असतात तरी मला कळलं नसतं. आमच्या तोंडावर बत्त्यांचा एवढा उजेड असतो की समोर माणूस आहे की खांब आहे, काही दिसत नाही. त्या दिवशी शेवटाला मागून कुणीतरी ओरडलं, कोण ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, मीही न पाहता काहीबाही बोललो, आणि त्या गडबडीत प्रवेश अर्धाच राहिला. मोरोपंतांना मी सांगितलं, अकोल्याला हा प्रवेश लिहिला तसा पुरा होणार असेल तर मी काम करीन, नाहीतर दुसरा माणूस बघा. आधी ते नाहीच म्हणाले. काल हो म्हणाले.

तुम्ही पाहिलं नाहीत, म्हणून तो प्रवेश कसा आहे ते सांगतो. ताई, हे सावकाश वाच.

पाटलाचा ओटा आहे. कामदार खाली बसून भाकर खातो. पाटील आतून हाक मारतो. कामदाराच्या पायांना उठायची सवय आहे, बाबा. सगळी उमर ते पाय त्या हाकेला उठलेले आहेत, आणि माणूस आत कितीही ताठ असला तरी पायांना ते एकदम कळत नाही. म्हणून तो दोन्ही हातांनी आपले गुडघे दाबून धरतो. हे मोरोपंतांनी लिहिलेलं नाही, हे मी आता घातलं. पुन्हा हाक येते. तो गुडघे सोडत नाही. तिसरी हाक येते. मग तो भाकर संपवतो, हात धुतो, काठी उंबऱ्यावर ठेवतो आणि चालत जातो.

हे काम तुमचं आहे, मी फक्त करतो. रविवारी येतो तेव्हा तुम्ही मला शिव्या द्या, पण माझ्यासोबत बसून जेवा.

तुमचा,
देवमन बुधाजी